पंचेचाळीस फुटांची प्रार्थना

मागच्या एका पावसाळ्यात आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एका मुलीचा रात्री उशिरा फोन आला. नवीन लग्न झालेली, कर्नाळ रोडच्या बाजूला तळमजल्यावर भाड्यानं राहणारी. दिवसभर संततधार, कोयनेतून विसर्ग वाढवल्याचे मेसेज, आणि सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी चाळीस फुटांकडे सरकलेलं. मी काही विचारायच्या आत तीच म्हणाली, "काकी, आम्ही राहतोय हं. सगळ्यांनी प्रार्थना केली, वचनांच्या डबीतनं बायबलातल्या वचनाची चिठ्ठी काढली, 'भिऊ नको' आलं." तिचा आवाज एकदम मोकळा झालेला. मला काय बोलावं सुचेना. तिच्या वचनाला नाही म्हणणारी मी कोण? आणि हो म्हणणारी तरी कोण? शेवटी तोंडातून एवढंच निघालं, "बरं, फ्रीज वर चढवला का?" ती हसली. "नाही ना, हे म्हणाले उद्या बघू." पाणी त्या खेपेला तिच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन उतरलं. तेव्हा विषय तिथंच मिटायला हवा होता, पण माझ्या डोक्यातून तो जात नाही. 'भिऊ नको' म्हणजे 'राहा', हे कोणी ठरवलं? भिऊ नको, ऊठ आणि नीघ, असंही असू शकतं की.

सांगलीत स्वतःच्या बीपीचा आकडा माहीत नसलेली माणसं भेटतील, आयर्विनचा आकडा माहीत नसलेली नाही. १९२९ साली बांधलेला तो पूल आता आमच्यासाठी पुलापेक्षा मोजपट्टी जास्त आहे. चाळीस फूट म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका. २००५ ला पाणी त्रेपन्नाच्या पुढे गेलं, २०१९ ला सत्तावन्नाच्या, २०२१ ला पुन्हा पंचावन्नाच्या आसपास. जुलै-ऑगस्टमध्ये भाजीवालीपासून बँकेतल्या साहेबांपर्यंत सगळ्यांचा एकच प्रश्न असतो, "आयर्विनला किती?" सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर भागातली माणसं तर हा आकडा झोपेतही सांगतील. पण आकडा कळला म्हणून काय करायचं ते कळतं असं नाही. अजून दोन फूट चढेल की इथंच थांबेल, सामान आधी हलवायचं की म्हातारी माणसं, दुकान की घर, हे ज्याचं त्यानंच रात्री दोनला खिडकीत उभं राहून ठरवायचं असतं.

आमच्या घरातली डबी गुलाबी प्लास्टिकची आहे. झाकणावरची सोनेरी अक्षरं पुसून गेलीत, नुसता क्रूस उरलाय. आत जाड कागदाच्या रंगीत चिठ्ठ्या, एकेकीवर शास्त्रातलं एकेक वचन. रोज सकाळी चहाच्या आधी आत्यांच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, हातानं एक चिठ्ठी निघते. कोपरे हळदीनं पिवळे पडलेत, काहींवर तेलाचे डाग आहेत, एका हिरव्या चिठ्ठीवर माझ्या लेकीच्या दुधाच्या दातांच्या खुणा आहेत. नणंदेचं लग्न, सासऱ्यांची बायपास, लेकीची बारावी, सगळं या डबीसमोरून गेलंय. लग्न होऊन आले तेव्हा मला हा प्रकार पोपट घेऊन बसणाऱ्या ज्योतिषासारखा वाटायचा, आणि तसं मी नवऱ्याला बोललेही होते. तो म्हणाला, "मला बोललीस ते ठीक आहे." पुढं हळूहळू दिसायला लागलं की आत्या चिठ्ठी लगेच वाचत नाहीत. चष्मा सापडेपर्यंत ती दोन बोटांत धरून डोळे मिटून बसतात. तेवढ्या वेळात घर जागच्या जागी थांबतं. घाईत असलेला माणूससुद्धा बूट घालता घालता गप्प होतो. त्या मिनिटभराला मी नावं ठेवू शकत नाही. आज माझ्या घरात ते मिनिट नसतं तर मला चुकल्यासारखं होईल.

तरीपण एका दुपारी आत्या झोपलेल्या असताना मी सगळी डबी पलंगावर ओतून वाचून काढली. आश्रय, शांती, बळ, आशीर्वाद, रक्षण. नीघ, पळ, सोड असं सांगणारी एकही चिठ्ठी सापडली नाही. शास्त्रात मात्र तसले प्रसंग जागोजागी आहेत. हेरोद राजा बाळ येशूच्या जिवावर उठला तेव्हा योसेफाला स्वप्नात मिसर देशी पळून जायला सांगितलं, आणि तो रात्रीच निघाला, उजाडायची वाट बघत बसला नाही. दिमिष्कात पौलाच्या जिवावर टपलेली माणसं वेशींवर पहारा देत बसली, तेव्हा शिष्यांनी त्याला पाटीत बसवून तटावरून खाली सोडलं. दोरीला लोंबकळणाऱ्या पाटीत बसलेला प्रेषित! संडे स्कूलमध्ये हे चित्र रंगवायला पोरं भांडतात. योसेफाचा विश्वास कमी पडला किंवा पौल भ्याला, असं मी एकाही प्रवचनात ऐकलेलं नाही. डबी छापणाऱ्याला पाटीचं वचन छापावंसं वाटलं नाही, एवढंच.

आणि संकेत मागायचाच म्हटलं तर बायबलातल्या गिदोनाची लोकर आहेच. आमच्याकडे कोणी अडलं की हमखास म्हणतं, मी प्रभूपुढं लोकर ठेवलीय. गिदोनानं खळ्यात लोकर ठेवली, देवाला म्हणाला दव फक्त लोकरीवर पडू दे आणि जमीन कोरडी राहू दे. तसं झालं. पिळून वाटीभर पाणी काढलं पठ्ठ्यानं. मग म्हणाला, रागावू नकोस, आता उलटं करून दाखव. तेही झालं. मला त्या माणसाची कीव येते आणि तो जवळचाही वाटतो. पण लोकर ठेवायच्या कितीतरी आधी देवाचं त्याला काय करायचं ते सांगून झालं होतं, हे आपण सोयीनं विसरतो. त्याला माहिती हवी नव्हती, त्याची छाती धडधडत होती. आपल्यालाही पुष्कळदा काय करायचं ते ठाऊकच असतं. नेसत्या कपड्यांनिशी घर सोडायची लाज वाटत असते, किंवा दिरांकडे जायचं नसतं.

२०२० च्या मार्चमध्ये कोरोनामुळं इस्लामपूरचं नाव रोज बातम्यांत यायला लागलं आणि चर्चला कुलूप लागलं. १० एप्रिलचा उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे, आणि १२ ला पुनरुत्थानाचा सण, दोन्ही घरात, मोबाइल डाळीच्या डब्याला टेकवून. त्या दिवसांत आमच्या ग्रुपवर ९१ वं स्तोत्र इतक्या वेळा फिरलं की आत्याही कंटाळल्या. हजारो पडले तरी तुला काही होणार नाही, असं ते स्तोत्र. मंडळीतले एक ज्येष्ठ म्हणायला लागले, मरीला भिऊन दार लावणारा विश्वास कसला, आपण जमायलाच हवं. काहींना ते पटतही होतं. कुलूप लावणं म्हणजे हार मानल्यासारखं वाटत होतं, मलासुद्धा. त्या रविवारी पाळकसाहेबांनी झूमवर येशूच्या परीक्षेचा शास्त्रपाठ घेतला. सैतानानं त्याला मंदिराच्या शिखरावर उभं केलं, म्हणाला घे उडी, देवदूत तुला वरच्यावर झेलतील असं लिहिलेलं आहे. हे लिहिलेलं कुठं आहे, असं पाळकसाहेबांनी विचारलं आणि थांबले. स्क्रीनवरच्या चौकटींत पानं उलटल्याचे आवाज. ९१ व्या स्तोत्रातच आहे. वचन खरं, पण सांगणारा कोण आणि उभं कुठं केलंय, तेही बघायला नको का? ते ज्येष्ठ त्यानंतर काही बोलले नाहीत. त्यांचा माइकही बंद होता म्हणा.

पुढच्या आठवड्यात पाळकसाहेबांनी जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरचं सांगितलं. १५२७ मध्ये विटेनबर्गला प्लेग आला, विद्यापीठ येना गावी हललं, तिथल्या राज्यकर्त्यानं ल्यूथरलाही निघ म्हणून सांगितलं. तो राहिला. बायको गरोदर, पोरगा वर्षाचा, आणि घराचा दवाखाना झालेला. ब्रेस्लाऊच्या पाळकांनी त्याला विचारलं होतं, ख्रिस्ती माणसानं मरीच्या भीतीनं पळावं की नाही? मला वाटलं होतं, स्वतः राहिलेला माणूस म्हणजे म्हणणार, राहा. त्याचं उत्तर तसं नाही. मरणाला भिऊन पळणं हे मुळात पाप नाही, जीव देवानंच दिलाय, असं तो म्हणतो. औषध घ्या, घराला धुरी द्या, गरज नसेल तिथं जाऊ नका, औषध नाकारणं म्हणजे देवाची परीक्षा पाहणं. पण ज्याच्यावर कोणाचा भार आहे, पाळक, वैद्य, गावचा कारभारी, त्याला पळता येणार नाही. आणि इतरांनीही शेजारी आजारी पडलाय आणि त्याचं बघायला दुसरं कोणी नाही, असं असेल तर त्याला टाकून जायचं नाही. जाऊ की राहू, याचं उत्तर त्यानं माझ्या मनातल्या धीरावर ठेवलंच नाही. माझ्यामागं उरणार कोण, यावर ठेवलं.

हे ऐकताना मी नवऱ्याकडे बघितलं नाही. २०१९ चं आमच्यात पूर्ण मिटलेलं नव्हतं.

ते सांगायचं तर आधी मामांचं सांगायला हवं. मामा, माझे सासरे, मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात कंपाउंडर होते. १८९४ सालचं ते हॉस्पिटल, मामांच्या वडिलांचीही नोकरी तिथलीच. मिक्श्चरच्या बाटल्यांवर कागदाच्या कातरलेल्या पट्ट्या चिकटवण्यात मामांची उमर गेली, एक खूण म्हणजे एक डोस. २००५ चा पूर उतरल्यावर गाळ काढून, फिनेल मारून, पंचनामे होऊन घर जरा जागेवर आलं आणि त्या नाताळात मामांनी घरातलं मोठं बायबल काढलं. पहिल्या कोऱ्या पानावर जन्म, बाप्तिस्मे, लग्नं, मृत्यू असं सगळं तीन पिढ्यांच्या हातचं लिहिलेलं आहे. त्याखाली त्यांनी निळ्या शाईनं लिहिलं, 'आयर्विन ४५, घर सोडणे.' आणि जेवायला बसताना सगळ्यांना ऐकवलं, "त्या रात्री कोणी प्रार्थना करत बसायचं नाही. काय करायची ती आत्ता करून ठेवा." आत्यांना हे अजिबात आवडलं नव्हतं. प्रार्थनेला वेळकाळ घालणारा हा कोण, असं त्या बरेच दिवस पुटपुटत होत्या.

नंतर कधीतरी मी कॅथलिक संत इग्नेशियस लोयोलाबद्दल वाचलं. १५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्यानं पाय मोडला आणि अंथरुणावर पडल्या पडल्या ज्याचं आयुष्य बदललं, तो सैनिक. मन अंधारात असेल, घाबरलेलं, कोरडं पडलेलं असेल, तेव्हा नवा निर्णय घेऊ नका, मन ठिकाणावर असताना जे ठरवलं होतं त्यालाच धरून राहा, असा त्याचा नियम आहे. आम्ही कॅथलिक नाही, मामांच्या कानावर हे नाव गेलं असेल असं वाटत नाही. पण बाटलीवर पट्टी चिकटवणाऱ्या माणसाला ताप चढल्यावर डोस ठरवायचा नसतो हे कळायला लोयोलाची गरज नव्हती.

२०१९ च्या ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पंचेचाळीस झाले. मामा नव्हते, पण पान होतं. गल्लीच्या गटारातून पाणी उलटं वर यायला लागलं होतं, डिझेल आणि कुजक्या भाजीचा एकत्र वास. आत्यांना, लेकीला आणि कागदपत्रांच्या पिशवीला घेऊन आम्ही मिरजेला नातेवाइकांकडे निघालो. वरच्या मजल्यावरच्या काकू मात्र हलेनात. एकट्या, गुडघे गेलेले, घरात पितळेचा विठोबा आणि एक मांजर. २००५ ला वर पाणी आलं नव्हतं, आता कशाला येतंय, विठोबा बघेल. आत्याही तोवर हेच म्हणत होत्या, फक्त विठोबाच्या जागी प्रभू. दोघींना दोन जिन्यांवरून समजावण्यात तास गेला. शेवटी रिक्षा उभी असताना नवरा म्हणाला, "तुम्ही व्हा पुढे, मी काकूंजवळ थांबतो." मी म्हणाले, मामांनी काय लिहून ठेवलंय? तर म्हणतो, "घर सोडायचं लिहिलंय. काकूंना सोडायचं कुठं लिहिलंय?"

मला त्याचा राग आला. आजही त्या क्षणाचा येतो.

मिरजेत डोक्यावरून हेलिकॉप्टर जायचं की आम्ही सगळे अंगणात. दूध मिळेना, पेट्रोल मिळेना, त्याचा फोन बंद. आयर्विनचा आकडा पन्नासच्या पुढे गेला, मग त्रेपन्न, मग पंचावन्न, आणि जुन्या खुणा सगळ्या पाण्याखाली. मंडळीतल्या बायका प्रार्थनेला यायच्या. त्या भरभरून बोलायच्या, माझ्या तोंडातून शब्द निघायचा नाही. नुसतं त्याचं नाव, काकूंचं नाव, पुन्हा त्याचं. आत्यांनी डबी कमरेच्या पिशवीतून आणली होती. एका सकाळी त्यांनी चिठ्ठी काढली, चष्मा लावला, वाचली, आणि मोठ्यानं न वाचता परत आत टाकली. काय होतं ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पुढं लष्कराच्या बोटीनं दोघांना बाहेर काढलं. मांजर बोटीत यायला तयार झालं नाही. पाणी उतरल्यावर ते गच्चीवर धडधाकट सापडलं, आमच्यापेक्षा बऱ्या तब्येतीत.

आमच्याकडे ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचा विषय निघाला की आवाज खाली येतात. १८९५ चा बाप्तिस्मा, ती गीतं, आणि शेवटी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात मांडलेला 'देवाचा दरबार' हा येशूभक्तांचा मेळ. पंचावन्नाव्या वर्षी पगार सोडायचा म्हणजे काय, हे मला आता कळतं, आणि आदर वाटतो. पण मिरजेच्या त्या अंगणात मला आठवत होत्या लक्ष्मीबाई. नवऱ्यानं परस्पर निर्णय घेतला आणि बाईच्या आयुष्याची दोन शकलं झाली. त्या स्वतः पाच वर्षांनी, १९०० साली, आपल्या पायांनी त्या वाटेवर आल्या ही गोष्ट खरी, पण मधल्या पाच वर्षांचं काय? विश्वासानं उडी एक जण घेतो आणि दचका दुसऱ्याच्या काळजाला बसतो. नवरा थांबला ते ल्यूथरच्या मापानं बरोबरच होतं. काकू आज आहेत. हे मला मान्य आहे, आणि तरी त्यानं रिक्षापाशी माझ्याकडे बघून आधी विचारायला हवं होतं, असं माझं म्हणणं आहे. तो म्हणतो, विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस. अर्थातच नाही म्हणाले असते.

पूर उतरल्यावरच्या पहिल्या उपासनेत साक्षी झाल्या. चर्चमध्ये फुगलेल्या गीतपुस्तकांचा ओला वास, पेटी बाद झालेली, लोक टाळ्यांवर गात होते. एका भावानं उभं राहून सांगितलं, आम्ही प्रार्थना केली आणि पाणी उंबऱ्याला लागून मागं फिरलं, प्रभूनं आमचं घर राखलं. सगळे हालेलुया म्हणाले. माझ्या ओठांवर ते आलं नाही. ८ ऑगस्टला ब्रह्मनाळला नाव उलटून माणसं बुडाली होती. कृष्णा आणि येरळेच्या संगमावरचं गाव, पाण्यानं वेढलेलं. त्या नावेत बसलेल्या माणसांनी तर निघायचा, शहाणपणाचाच निर्णय घेतला होता. पोरांना घेऊन, पांडुरंगाचं, कुलदैवताचं नाव घेऊनच बसली असणार. त्यांचं काय कमी पडलं? येशूच्या काळीही शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेली होती. ती इतरांपेक्षा जास्त पापी होती असं समजता काय, असं त्यानं लोकांना उलट विचारलं, आणि स्वतःच नाही म्हणाला. बुरूज का पडला हे मात्र सांगितलं नाही. मला ते सांगायला हवं होतं. त्यानं नाही सांगितलं, आणि हे पुस्तक मिटून ठेवावं असं मला ज्या थोड्या जागी वाटतं त्यातली ती एक आहे. अजून मिटलेलं नाही. त्या भावाची साक्षही खोटी नव्हती, त्याचं घर वाचलंच होतं. फक्त आता कोणी साक्ष द्यायला उभं राहिलं की मी, न आलेली माणसं कुठं बसली असती, त्या बाकांकडे बघते.

सध्या आमच्या घरात हे घर विकायचा वाद चाललाय. लेक म्हणते, विका आणि विश्रामबागला फ्लॅट घ्या. नवऱ्यानं तिला बायबलातल्या यिर्मया संदेष्ट्याचं उदाहरण दिलं. यरुशलेमेला वेढा पडलेला, हा स्वतः कैदेत, आणि अशात त्यानं सतरा शेकेल चांदी मोजून अनाथोथचं शेत विकत घेतलं, खरेदीखत पुष्कळ दिवस टिकावं म्हणून मडक्यात ठेवायला लावलं. लेक म्हणाली, "यिर्मयाला होमलोन नव्हतं, पप्पा." यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं. पाऊस नसताना, चहा पिता पिता हे बोलणं चाललंय ते बरं आहे. फक्त एक गोष्ट या उन्हाळ्यात झाली. आत्यांना आता चार माणसांनी खुर्चीतून उतरवावं लागतं आणि काकूंची तीच गत, तेव्हा पंचेचाळीसपर्यंत थांबून चालणार नाही. नवऱ्यानं बायबल काढलं, मामांच्या ओळीवर काट मारली नाही, खाली काळ्या पेननं लिहिलं, 'आयर्विन ४०, आई आणि काकू.' मी आत्यांना वाचून दाखवलं आणि म्हणाले, मामांचं लक्षात आहे ना, त्या रात्री प्रार्थना करत बसायचं नाही.

"बसायचं कशाला," आत्या म्हणाल्या, "तू पिशव्या भरेपर्यंत माझं सांगून होतंय."